नेट चालू होतं

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. एक पान, दोन्ही बाजू, खाली मागण्या आणि प्रत्येक मागणीपुढे उद्गारचिन्ह. दिवाळी अंकात मिळते तेवढ्या ऐसपैस जागेची मला सवय नाही, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. पनवेलच्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी काही वर्षं कंत्राटी कारकून होते. ‘उच्च शिक्षणात इंटरनेटने क्रांती केली’ असं माइकवरून सांगणारे खूप भेटतात. परीक्षेच्या दिवसांत ही क्रांती ज्या खोलीत उतरायची, तिची किल्ली माझ्याकडे असायची. तेव्हा थोडं मीही बोलते.

त्या खोलीत मी शिरले कशी, ते आधी सांगायला हवं. त्याआधी मी विद्यार्थी संघटनेत होते आणि त्याच कॉलेजच्या गेटवर फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटत होते. ‘पावतीवर इंटरनेट शुल्क आहे. ते इंटरनेट कुठे बांधून ठेवलंय, ते तरी दाखवा!’ हे माझं वाक्य. उपप्राचार्य देसाई सर स्वतः गेटवर आले, पत्रक वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “भाषा बरी आहे. टायपिंग येतं का?”

संघटनेतली पोरं म्हणाली, विकली गेलीस. बेलपाड्याला घरी बाबा म्हणाले, “पगार देतान ना? मंग जा.” मी म्हटलं, आत जाऊन बघू तरी. देसाई सरांचा हिशोब वेगळा होता. ओरडणारं माणूस आत घेतलं की गेट शांत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. “लीडर, जरा ती फाइल द्या,” असं म्हणायचे. स्टाफरूम हसायची. मी फाइल द्यायचे.

आता काम काय, ते सांगते. पूर्वी विद्यापीठाचे पेपर लाखेच्या मोहरा लावलेल्या गठ्ठ्यांतून गाडीने यायचे आणि कपाटात कुलूपबंद राहायचे. मग विद्यापीठाने ठरवलं की आता कागद पाठवायचाच नाही, फाइल पाठवायची. परीक्षेच्या थोडं आधी साइटवर कुलूपबंद फाइल दिसू लागते. तिचा पासवर्ड वेगळा, तो केंद्रप्रमुखाच्या मोबाइलवर येतो. दोन्ही जुळले की पेपर उघडतो, आणि घंटा होईपर्यंत आपण तो सगळ्या मुलांपुरता छापायचा, टाचायचा, पाकिटांत भरायचा. प्रत्येक पानावर फिक्या राखाडी अक्षरांत आपल्या केंद्राचा क्रमांक आडवा छापून येतो. तो पुसता येत नाही. कुणी पानाचा फोटो काढून बाहेर पाठवला, तर पेपर कुठल्या कॉलेजातून फुटला ते लगेच कळावं, म्हणून ही सोय.

त्या वेळात खोलीचं दार आतून बंद. बाळंतिणीच्या खोलीसारखं, कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. दाराशी वेताची टोपली. आत येणाऱ्याने आपला मोबाइल बंद करून त्या टोपलीत टाकायचा. फक्त केंद्रप्रमुखाचा, म्हणजे देसाई सरांचा मोबाइल चालू. हा नियम विद्यापीठाचा, टोपली माझी.

ऐकायला सोपं वाटतं ना? आमचं नेट आकाशातून यायचं नाही, खांबाखांबावरून लोंबकळत यायचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेले ट्रक, त्यांच्या मागे हात-हात बाहेर आलेल्या सळ्या. एकदा ऐन पेपरच्या दिवशी वळणावर एका ट्रकच्या सळ्यांत आमची केबल अडकली. फाइल निम्मी उतरली आणि थांबली. सरांच्या मोबाइलवरून मी केबलवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचा नेट हायवेला लागला. आता पुन्याला जाऊन घ्या.” त्या दिवशी देसाई सरांचा मोबाइल खिडकीच्या गजांना बांधून, त्याच्या नेटवर आम्ही पेपर उतरवला. छपाई होईस्तोवर मुलं हॉलमध्ये बाकं वाजवत बसली होती. संध्याकाळी विद्यापीठाला जो अहवाल गेला त्यात एकच शब्द होता: ‘सुरळीत’. तो शब्द मीच टाइप करायचे. केबल तुटली, साइट झोपली, पासवर्ड चुकीचा आला, तरी सुरळीत. विद्यापीठाकडे सगळी केंद्रं सुरळीत होती. मग सुधारायचं कशाला आणि कुणी?

माझी गिऱ्हाइकं म्हणजे विद्यार्थी. खिडकीशी येऊन म्हणायचे, “ताई, तू आपल्यातली ना? पासवर्डचं नुसतं पहिलं अक्षर सांग.” मी म्हणायचे, “अभ्यासाचं पहिलं अक्षर अ.” एकाने मला सरळ विचारलं होतं, “नेटवर सगळं फुकट मिळतं, मग पेपरच का मिळत नाही?” त्याचा राग खरा होता, हो. त्याला शिकवायला त्या विषयाचा प्राध्यापकच नव्हता. जागा रिकामी होती आणि वर्गाला सांगितलं होतं, व्हिडिओ बघा.

याच खिडकीशी फरहीन आली होती. तृतीय वर्ष कला, विषय अर्थशास्त्र. साइटवरून उतरवलेल्या तिच्या हॉल तिकिटावर एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो आला होता. ती ते तिकीट काचेला लावून म्हणाली, “ताई, ह्यात मी कुठे आहे तेवढं शोधून द्या.” मी हसले. ती हसता हसता रडायला लागली.

तिचा निकाह ठरला होता. नवरा दोह्याला. शेवटचा पेपर झाला की लगेच निकाह, आणि महिन्याभरात तीही तिकडे. तिथल्या एका भारतीय शाळेत तिच्या मामीने नोकरीचं बोलून ठेवलं होतं, पण पदवी लागणार होती. “अब्बा तिकडेच असतात, त्यांना सगळं माहीत आहे,” ती म्हणाली. “ते म्हणाले, डिग्री पूर्ण करूनच निघ. सासरी गेल्यावर परीक्षेसाठी परत पाठवणारं कुणी मला तरी दिसलं नाही. ताई, ह्या वेळी राहिलं तर राहिलंच.”

त्या मिशीवाल्याला हटवून फरहीनचा फोटो लावायला मी विद्यापीठाच्या तीन खिडक्या फिरले. तिकीट दुरुस्त झालं. तेव्हापासून प्रत्येक पेपरला हॉलमध्ये जाताना ती माझ्या खिडकीवर टकटक करून जायची. एवढंच.

आणि मग तिचा शेवटचा पेपर आला.

त्या आठवड्यात कॉलेजमध्ये जमिनीखालून आलेली नवी वेगवान लाइन जोडली होती. सळ्यांचे ट्रक आता तिचं काही करू शकत नव्हते. शेजारी नवंकोरं प्रिंटिंग मशीन. हे दोन्ही संस्थेच्या खजिनदारांनी मिळवून दिलं होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. आमच्याच बाजूचे, आगरी. नव्या शहरासाठी शेती गेली, पैसे आले, इमारती उभ्या राहिल्या, मग संस्था. माणूस तोंडाने मोकळा. प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, “माझा आजा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात व्हता!” तिथे इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला होता, म्हणून टाळ्याही ठरलेल्या.

मशीनचं उद्घाटन आप्पांच्या हातून करायचं ठरलं. ठीक आहे, सुट्टीच्या दिवशी करा! पण नाही. देसाई सरांचं म्हणणं पडलं की पहिला पेपर बाहेर येताना आप्पांचा हात मशीनला लागला पाहिजे. म्हणजे खऱ्या परीक्षेच्या आधी, दार बंद असण्याच्या वेळेत.

मी म्हटलं, “सर, त्या वेळी बाहेरचं माणूस आत येत नाही.”

“लीडर, ते बाहेरचे नाहीत. खोली त्यांची आहे.”

आप्पा आले. पांढरा सदरा, कपाळाला टिळा, बोटांत अंगठ्या. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू. नारळ दारातच फुटला आणि पाणी माझ्या वायरींवर जाऊ नये म्हणून मी ओढणी पसरली. मग टोपली पुढे केली. “आप्पा, फोन.”

“आगो, मी काय परीक्षेला बसतंय काय?” आप्पा म्हणाले, आणि दाराबाहेर जमलेले सगळे हसले. देसाई सरांनी मला हातानेच बाजूला केलं.

फाइल आली. खरं सांगते, मी त्या दिवशी अवाक झाले. पापणी लवायच्या आत सगळी फाइल उतरली. पासवर्ड आला, पेपर उघडला. आप्पांनी बटण दाबलं. मशीनमधून पहिलं पान सरसरत आलं, गरम, त्यावर आडवा आमचा क्रमांक. आप्पांनी ते उचललं, खिशातून मोबाइल काढून देसाई सरांना दिला. “सर, मारा एक.”

“आप्पा, तो पेपर आहे,” मी म्हटलं. “निदान पान उलटं धरा.”

“कोरा कागद दावून काय फायदा, पोरी?”

देसाई सरांनी फोटो काढला. एक सरळ, एक जरा जवळून. आप्पा खूश होऊन शेजारच्या केबिनमध्ये चहाला गेले आणि मी छपाईला लागले. मशीन खरोखर झकास चालत होतं. गठ्ठे टाचले, पाकिटं भरली. एकदा काचेवर टकटक झाली. मी मान वर करून फरहीनला हात दाखवला.

पाकिटं हॉलमध्ये न्यायची वेळ झाली आणि देसाई सरांचा फोन वाजला. विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रण कक्षातून. सरांचा चेहरा मी बघत होते. आधी “हो हो, सगळं सुरळीत” म्हणाले. मग फोन स्पीकरवर टाकला.

“तुमच्या केंद्राच्या क्रमांकाचं पान व्हॉट्सअॅपवर फिरतंय,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलाकडे सापडलं. एकही पाकीट उघडू नका.”

सर म्हणाले, “मॅडम, असं कसं होईल?”

“तेच मी तुम्हाला विचारतेय. सगळ्या केंद्रांना आम्ही प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच पाठवतोय. तुम्हाला नाही. ज्या हातातून पहिला फुटला त्याच हातात दुसरा देणार नाही. कुणी केलं ते नाव आणि सहीचं निवेदन स्कॅन करून पाठवा, त्या माणसाला खोलीबाहेर काढा, मग तुमची फाइल सोडते. मुलांना किती वेळ बसवून ठेवणार? लवकर पाठवा. नाहीतर तुमच्या केंद्राचा आजचा पेपर रद्द, मुलं पुढच्या सत्रात बसतील.”

पुढचं सत्र! फरहीन तेव्हा दोह्यात असणार होती.

मी म्हटलं, “सर, आप्पांना बोलवा. दोन ओळींचं काम आहे.”

सर उठले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते पहिल्यांदाच मला नावाने बोलले. “सुजाता, नीट ऐक. आप्पांचं नाव गेलं तर संस्थेची मान्यता, पुढची इमारत, सगळ्यावर येतं. फोटो माझ्या हातून निघाला म्हटलं तर माझी निवृत्ती तोंडावर आहे.”

“मग?”

“विद्यापीठाला एक नाव हवंय. एक सही. खोलीत तिसरं कोण होतं?”

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. इतकी पत्रकं लिहून, इतक्या वेळा ‘बळीचा बकरा’ हा शब्द वापरून, तो आपल्याला लागू होतो तेव्हा तो लगेच ओळखू येत नाही.

“सर, माझा फोन टोपलीत आहे. बंद.”

“ते तुला आणि मला माहीत. तू कंत्राटी आहेस, तुझं काय जाणार? मी पुढे सांभाळून घेईन. विचार कर, बाहेर एवढी मुलं बसलीत. तू नेहमी विद्यार्थ्यांसाठी लढतेस ना? मग आता लढ.”

हे वाक्य मी विसरणार नाही. आजवर मला पोलिसांनी हटकलंय, गेटवर धक्के मिळालेत, पण माझीच घोषणा माझ्या गळ्यावर अशी कुणी ठेवली नव्हती. आणि त्यातली खरी मेख सांगू? युक्ती चालली असती. मी सही केली असती तर फाइल आली असती आणि फरहीनचा पेपर झाला असता. नकार दिला असता आणि हे दोघे गप्प राहिले असते, तर तिचा पेपर मी बुडवला असता. आणि सही केली असती तर पोलिसांत पेपरफुटीचं प्रकरण माझ्या नावावर गेलं असतं, ते वेगळंच. ज्या पोरीने आयुष्यभर ‘परीक्षेतला भ्रष्टाचार बंद करा’ म्हणून भिंती रंगवल्या, ती!

माझं गप्प राहणं त्यांनी होकार धरलं असावं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि, “मुलांना शांत करून येतो, तोवर लिही,” म्हणून हॉलकडे निघाले. केबिनच्या दारातून आप्पाही बाहेर आले होते. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं. ते सरांच्या मागून चालू लागले.

मी कागदाकडे बघितलं. पेन उघडलं. खरं सांगते, तारीख लिहिली. मग हॉलमधून माइक ऐकू आला.

“विद्यार्थ्यांनो, शांत राहा. तांत्रिक अडचण आहे. नेट गेलेलं आहे. नेट आलं की पेपर मिळेल.”

मी मशीनकडे बघितलं. शेजारच्या नेटच्या पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, एकूण एक. इतकी वर्षं नेट खरंच जायचं तेव्हा आम्ही ‘सुरळीत’ म्हणायचो. आणि आयुष्यात पहिल्यांदा नेटने आपलं काम चोख केलं, त्या दिवशी पाप त्याच्या माथी! माझं डोकं फिरलं. लोकांना वाटतं मी खूप विचार करून काही केलं. नाही. मला त्या हिरव्या दिव्यांचा कैवार आला, आणि मी पेन टाकून धावले.

हॉलच्या दारात उभी राहून, माइकशिवाय, गेटवरच्या आवाजात मी म्हणाले, “नेट चालू आहे, सर.”

सगळ्या माना वळल्या. सर्वांत मागच्या बाकावरून कुणीतरी, “ए लीडर!” ओरडलं. देसाई सर माइकवर हात ठेवून म्हणाले, “म्हात्रे, बाहेर जा.”

“जाते. पण नेट चालू आहे. फाइलही आहे. आपल्याला देत नाहीयेत.”

बाकं वाजायला लागली. त्या आवाजात फरहीन उभी राहिली. पुढच्याच रांगेत होती. हात वर केला होता, वर्गात करतात तसा. “मग काय झालंय, ताई? कुणी सांगाल का? मला आज पेपर द्यायचाय. आजच द्यायचाय.”

बाकं थांबली. मी वळले. आप्पा माझ्या मागेच दाराला टेकून उभे होते. आता जे बोलणं झालं ते आमच्या घरच्या बोलीत झालं. देसाई सरांना त्यातलं निम्मंच कळलं असेल.

“आप्पा, तो फोटो तुमी कुठं टाकला?”

“आपल्या मंडलाच्या ग्रुपवर. कला?”

“त्यो फुटला. तुमच्या ग्रुपातल्या कुनीतरी पुढं धाडला. या पोरांचा पेपर त्याच्यावर अडलाय. इद्यापीठाला सही पायजे.”

आप्पांचा चेहरा उतरला. हात आपोआप खिशातल्या मोबाइलवर गेला. “मना काय म्हाईत? मी चांगल्यासाठीच टाकला. पोरांना अभिमान वाटल म्हनून...” मग आवाज खाली आणून, “देसाई काय बोलतो?”

“सर म्हनतान मी सही करू. मी केला म्हनून लिवू.”

“तू?” आप्पांनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला त्यांच्या डोळ्यांत सुटकाही दिसली. ती मी बघितली, हे इथे लिहून ठेवते. “मंग... तुजा काय नुसकान व्हनार? आमी बघू ना पुढं. मी काय परका हाय का?”

“आप्पा, तुमचा आजा चिरनेरला व्हता ना?”

“त्याचा हितं काय संबंध?”

“त्या मानसांनी गोल्या खाल्ल्या. तुमाला दोन वली लिवायच्या हायत. की आजाच्या वेलंला पन दुसरीच कुनी पोर पुढं केली व्हती?”

असं आप्पांशी कुणी बोलत नाही. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हात उगारतात. हॉलमधलं एकही बाक वाजत नव्हतं. फरहीन अजून उभीच होती, हात वर, आता तो दुसऱ्या हाताने धरलेला.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. “ही कोन?”

“तिचा आज शेवटचा पेपर. पुढच्या वेलंला ती हितं नसल. सासरी चाललीय, दोह्याला.”

आप्पा अंगठ्या फिरवत राहिले. मग देसाई सरांना म्हणाले, “सर, कागद आना.” आणि मला, रागातच, “तूच लिव. माझा अक्षर बरा नाय.”

मी परीक्षा विभागाच्या टेबलावर बसून लिहिलं. ‘उद्घाटनप्रसंगी प्रश्नपत्रिकेचं पान हातात धरून मी फोटो काढून घेतला आणि समाजमाध्यमावर पाठवला.’ आप्पा म्हणाले, “नजरचुकीने, टाक.” मी टाकलं. मग मी पुढे लिहिलं, ‘फोटो उपप्राचार्यांनी काढला.’ देसाई सर म्हणाले, “याची गरज आहे?” आप्पाच म्हणाले, “खरा हाय ना? मंग ऱ्हाऊ दे.” दोघांनी सह्या केल्या. नवीन मशीनवर ते स्कॅन झालं, नव्या लाइनवरून गेलं, आणि खालची पट्टी पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता तिच्याकडे बघत राहिलो.

ते दोघे बाहेर गेले, आणि सरांनी टेबलावर ठेवलेला मोबाइल वाजला. त्याच बाई. “ते दोघे खोलीबाहेर आहेत?”

“हो.”

“केंद्राची जबाबदारी कोण घेतंय?” हॉलमध्ये पर्यवेक्षणाला असलेल्या मराठीच्या बाईंना मी बोलावून घेतलं होतं, त्यांनी आपलं नाव सांगितलं. “आत आणखी कोण?”

“मी. सुजाता म्हात्रे. कंत्राटी.”

मला वाटलं, आता म्हणतील तुम्हीही निघा. “मोबाइल?”

“टोपलीत.”

“फाइल सोडते आहे.”

आली. पापणी लवायच्या आत. मी छापत होते आणि मराठीच्या बाई टाचत होत्या. त्यांच्या बोटाला पिन लागून एका गठ्ठ्यावर रक्ताचा ठिपका पडला, तो गठ्ठाही तसाच गेला. जेवढा उशीर झाला तेवढा वेळ मुलांना वाढवून मिळाला. सूर्य खाली गेला तरी हॉलमध्ये लिहिणं चालू होतं. फरहीनने पुरवण्या मागून मागून लिहिलं. जाताना काचेवर टकटक केली, पण थांबली नाही. बाहेर तिचा भाऊ स्कूटर घेऊन उभा होता.

संध्याकाळचा अहवाल टाइप करायला मी बसले, तेव्हा देसाई सर दारात येऊन म्हणाले, “तांत्रिक अडचणीमुळे विलंब, एवढंच लिही. बाकी विद्यापीठाकडे गेलंच आहे.” मी उठले आणि खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी केली. ती ओळ त्यांनी स्वतः टाइप केली. दोन बोटांनी, अक्षरं शोधत.

पुढचं थोडक्यात. चौकशी झाली, कडक शब्दांचं पत्र आलं आणि फाइलला लागलं. देसाई सर मानाने निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, सगळं. आप्पा खजिनदारच राहिले. माझं कंत्राट पुढचं सत्र संपल्यावर वाढलं नाही. कारण लिहिलं होतं, ‘परीक्षा प्रक्रिया पूर्णतः संगणकीकृत झाल्याने अतिरिक्त मनुष्यबळाची आवश्यकता नाही.’ संगणकाला जेवण लागत नाही आणि तो हॉलच्या दारात येऊन ओरडत नाही, हे खरंच आहे.

कडू झाले का मी? थोडी. नेटवर माझा राग नाही. फरहीनने तिचा निकाल दोह्यात बसून बघितला, मला स्क्रीनचा फोटो पाठवला, पुढे शाळेचं ओळखपत्र गळ्यात घातलेला आणखी एक. आमच्या आधीच्या पिढीतल्या पोरीला निकालासाठी कुणाला तरी कॉलेजच्या फलकापर्यंत पाठवावं लागायचं. हे मी नाकारत नाही. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांना तार हवी, मशीन हवं, फोटो हवा, पण शिकवायला माणूस नको आणि खरं बोलायला तर नकोच नको. तारेतून फाइल येते. जबाबदारी तिच्यातून येत नाही, ती खोलीतल्या कुणीतरी घ्यावी लागते.

कंत्राट संपलं त्याच्या पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेटवर उभी राहिले. एक पान, दोन्ही बाजू. मथळा: ‘त्या दिवशी नेट चालू होतं!’ आत सगळं जसंच्या तसं, आप्पांच्या सहीसकट. वॉचमन म्हणाला, “ताई, कशाला?” आणि स्वतःसाठी एक घेतलं.

आप्पांची गाडी आली. थांबली. काच खाली झाली. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, दोन्ही बाजू. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“बराबर लिवलाय,” ते म्हणाले. “ती दोह्याची पोर... पास झाली का?”

“झाली. शालंत शिकवतेय तिकडं.”

“मंग माझी सही वाया नाय गेली.” त्यांनी पत्रकाची घडी घालून ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, अगदी सांभाळून, आणि गाडी गेटातून आत गेली.

बघा! सहीचं श्रेयसुद्धा त्यांनाच. मी पुढच्या हातात पुढचं पत्रक दिलं.